मानस

चोडणच्या फेरीतून उतरली ती, नाव होआय,
पायांत गमबूट, खांद्याला ताडपत्रीची पिशवी,
आणि दुभाष्याच्या तोंडून म्हणाली, बांध दाखवा.

मी एकतीस वर्षं कोमुनिदादीचा कारकून.
आजवर माझ्याकडे मागितली ती पावती,
उतारा, जुनी हद्द, क्वचित पाणी.
बांध कुणी मागितला नव्हता.

चालताना ती बोलत राहिली
तिच्या गावच्या एका माणसाबद्दल,
दोआन खाक ट्रुक, दोनशे वर्षांपूर्वीचा.
आई माशांचं खारवण विकायची.
हा सहा वेळा परीक्षेत नापास,
सातव्यांदा पास झाला तेव्हा
कानांपाशी केस पिकलेले.
राजानं पंखांची काळी टोपी दिली
आणि चिखल दिला, समुद्रकाठचा,
नकाशात ज्याला नावही नव्हतं.

त्यानं गाठी मारलेल्या दोरीनं चिखल मोजला.
अठराशे माणसं, वेताच्या टोपल्या,
बांध उभा राहिला. आत भात आलं, खुजं, लालसर.
(आमचं कोरगुट? मी विचारलं. दुभाष्याला ते जमलं नाही.)

दुसऱ्याच वर्षी कर मागणारा कागद आला.
ट्रुकनं उत्तर धाडलं:
ही माती अजून धड राज्यात आलेली नाही.
रोज रात्री अर्धी परत समुद्रात जाऊन येते.
तिला आधी राहू तर द्या.

कागदाला कागद लागत गेला.
मग वादळाच्या साली बांध तीन जागी फुटला
आणि दरबाराला हवं ते कारण मिळालं.
टोपी काढून घेतली. बदली नाही, शिक्षा नाही,
तूच सांग काय करशील, असं विचारलं.
म्हणाला, दरवाजा सांभाळतो.

अकरा वर्षं सांभाळला.
ओहोटीला उघडायचा, भरतीला मिटायचा,
मध्यरात्री, तापात, नातीच्या लग्नात.
पंडित मेल्यावर लोक त्याच्या वह्या शोधायला गेले,
कविता असतील म्हणून.
मिळाल्या नुसत्या वेळा. पाण्याची उंची. चंद्राची तिथी.
एका दिवशी, वेळेच्या जागी,
एकच शब्द: खेकडे.

इथे होआय हसली. मीही.
आमचा बाबुसो त्याच वेळी टाचेनं
बांधावरलं कुर्लीचं बीळ दाबत होता.
एक बीळ म्हणजे एक पूर, त्याचा बाप म्हणायचा.

मग आम्ही दरवाजापाशी आलो.
लाकूड काळं, बिजागरीला शिंपले,
तिनं वितीनं उंची मोजली. नाव विचारलं.
मानस, मी म्हटलं. दुसरा अर्थही सांगितला,
आतलं मन, जिथे काही येऊ द्यायचं, काही नाही.
तिनं तो दोनदा लिहून घेतला.

आणि विचारलं, सांभाळतो कोण?

पावणी, म्हणालो.
दर साली मानशीची पावणी होते, जो जास्त बोलेल त्याची.
घेतो तो कोळंबीसाठी भरतीलाच दार उघडं ठेवतो,
खारं पाणी आत उभं राहतं,
गेली नऊ वर्षं त्या कोपऱ्यात कोरगुटही उगवलं नाही.
दुभाषी थांबला. मला वाटलं, सगळं नाही सांगितलं त्यानं.
सांगायचं होतं ते असं:
त्या कागदावर, तळाला, सही माझी असते.
नऊ साली नऊ.
मला कुणी टोपी दिली नव्हती, खरं आहे.
पण पेन होतं.

ती शेवटच्या फेरीनं गेली.
मी कचेरीत बसून रजिस्टर उघडलं.
सगळे रकाने भरलेले, आकडे सरळ,
फक्त शेवटचा, 'शेरा', कोरा. पहिल्या पानापासून कोरा.

बाहेर भरती चढत होती.
लांबवर मानस आपटली, एकदा. उघडीच असणार.
पेन झटकलं, शाई येईना,
शिसपेन्सिलीनं लिहिलं: कुर्ल्या.

मग टॉर्च घेतला.
बाबुसोला हाक मारावी का, यावर थोडा वेळ
दारातच उभा राहिलो.